विश्लेषण : पहिले विमान कुणाचे, हे ठरते कशावरून?

दरवर्षी १७ डिसेंबर जवळ आला की दोन प्रकारचे मजकूर मोबाइलवर फिरू लागतात. एकात १९०३ साली राइट बंधूंनी जगातले पहिले विमान उडवल्याचे शाळेच्या पुस्तकातले वाक्य असते. दुसऱ्यात, त्यांच्या आठ वर्षे आधी मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले होते आणि ते श्रेय दडपले गेले, असा दावा असतो. हा वाद फक्त आपल्याकडे आहे असे मुळीच नाही. ब्राझीलमध्ये हा मान अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांना दिला जातो, फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर यांचे नाव घेणारे आहेत आणि खुद्द अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने गुस्ताव व्हाइटहेड यांच्या बाजूने २०१३ मध्ये चक्क कायद्यात तरतूद केली. ज्याचा त्याचा पहिला वैमानिक वेगळा.

या भांडणात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न असा, की उडणे म्हणजे नेमके काय आणि उडाल्याचे सिद्ध कसे करायचे? त्याचे उत्तर राइट बंधूंच्या कहाणीतच आहे. मात्र ती कहाणी १७ डिसेंबरच्या बारा सेकंदांवर संपत नाही. तिच्यात अमेरिकेच्या सर्वांत प्रतिष्ठित विज्ञानसंस्थेने केलेली लबाडीही येते.

त्या सकाळी काय झाले?

नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागून वाळूचा एक लांबलचक पट्टा आहे. तिथल्या किटी हॉक गावाजवळ किल डेव्हिल हिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. १७ डिसेंबर १९०३ रोजी तिथे कडाक्याची थंडी होती आणि ताशी वीस मैलांहून जास्त वेगाने वारा वाहत होता. ओहायोतल्या डेटन शहरात सायकलचे दुकान चालवणारे विल्बर आणि ऑर्व्हिल हे भाऊ सलग चौथ्या वर्षी तिथे आले होते. तीन दिवस आधी नाणेफेक जिंकून विल्बरने प्रयत्न केला होता, तो साडेतीन सेकंदांत वाळूत आपटला. दुरुस्तीनंतर पाळी ऑर्व्हिलची होती. त्याने १२ सेकंदांत १२० फुटांचे अंतर कापले. जुन्या जम्बो जेटचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १९५ फूट भरत. म्हणजे हे उड्डाण त्या पंखांच्या लांबीतही सहज मावले असते.

दिवसभरात चार उड्डाणे झाली. चौथे विल्बरचे होते : ५९ सेकंद आणि ८५२ फूट. समोरून जोरदार वारा असल्यामुळे जमिनीवर मोजलेले अंतर कमी दिसते. हवेतून कापलेले अंतर अर्ध्या मैलाहून जास्त होते. बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वाचवण्यासाठी जवळच किनाऱ्यावर एक ठाणे होते. तिथली माणसे धरून पाच जण हे पाहायला हजर होते. त्यांपैकी जॉन डॅनियल्स याने ऑर्व्हिलने आधीच रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्याची कळ दाबली. विमान नुकतेच जमीन सोडत आहे आणि विल्बर बाजूला उभा आहे, हा प्रसिद्ध फोटो त्याचा. थोड्या वेळाने वाऱ्याच्या झोताने विमान उलटून मोडले. ते पुन्हा कधीच उडाले नाही.

दुसऱ्या दिवशी नॉरफोकच्या ‘व्हर्जिनियन-पायलट’ने बातमी छापली. तिच्यात विमान तीन मैल उडाल्याचे म्हटले होते. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘तेव्हाच्या पेपरात छापून आले होते’ हा विमानविद्येतल्या प्रत्येक दाव्याचा आवडता पुरावा असतो. राइट बंधूंचे श्रेय त्या बातमीवर उभे राहिले असते तर ते कधीच कोसळले असते.

इंजिनाची ताकद की तोल?

हवेत जाण्याची धडपड राइट बंधूंच्या आधी अनेकांनी केली. आदेर यांचे वाफेवर चालणारे ‘एओल’ १८९० मध्ये सुमारे पन्नास मीटर, जमिनीपासून जेमतेम वर तरंगत गेले. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी १८९४ मध्ये वाफेच्या इंजिनाचे एक अवाढव्य यंत्र रुळांवरून पळवले आणि ते क्षणभर उचलले गेले. या सगळ्यांची समजूत अशी, की इंजिनात पुरेशी ताकद आली की उडणे जमलेच. हवेत गेल्यावर यंत्र हाकायचे कसे, ते पुढचे पुढे पाहू. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी ग्लायडरवर सुमारे दोन हजार वेळा टेकडीवरून झेप घेतली, पण तोल सांभाळायला त्यांच्याकडे स्वतःचे अंग इकडे-तिकडे झुकवण्यापलीकडे साधन नव्हते. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते कोसळून गेले.

राइट बंधूंचे वेगळेपण इथे आहे. सायकल स्वतःहून उभी राहत नाही. चालवणारा तिचा तोल सतत सावरत असतो आणि वळताना ती कलवतो. सायकली बनवणाऱ्या माणसांना हे सांगावे लागत नव्हते. विमानही असेच सतत सावरायचे यंत्र असणार, हे त्यांनी धरून चालले. नाक वर-खाली होणे, डावी-उजवीकडे वळणे आणि एक पंख खाली जाऊन दुसरा वर येणे, या तिन्ही हालचाली वैमानिकाच्या ताब्यात हव्यात, हा त्यांचा मूळ विचार. हातातला लांबट पुठ्ठ्याचा खोका पिळताना विल्बरला सुचले, की पंखही असेच किंचित पिळता आले तर एका बाजूची उचल वाढेल आणि दुसरीकडची कमी होईल. १८९९ मध्ये त्यांनी ते आधी पतंगावर करून पाहिले.

मग १९०१ चा ग्लायडर फसला. छापील तक्त्यांनुसार जेवढी उचल मिळायला हवी होती, तेवढी मिळेना. विल्बर फार निराश झाला होता. पण मग या दोघांनी त्या छापील आकड्यांवरच संशय घेतला आणि दुकानात सहा फुटांची लाकडी पेटी बनवून तिच्यातून पंख्याने वारा सोडला. या घरगुती बोगद्यात त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने तपासले. अठराव्या शतकापासून सगळे जण डोळे मिटून वापरत असलेला हवेच्या दाबाचा गुणांक ०.००५ नसून ०.००३३ च्या आसपास आहे, हे त्यांना कळले. म्हणजे आधीचे सगळे जण हवेकडून दीडपट मदतीची अपेक्षा धरून बसले होते! १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी हलणारे सुकाणू जोडले आणि त्या हंगामात शेकडो झेपा घेतल्या. विमान उडवायला ते शिकले ते इथे, इंजिन नसताना.

इंजिन त्यानंतर आले. दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने ते सुमारे सहा आठवड्यांत बनवले. ताकद होती बारा अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या मोटारसायकलीइतकी. एवढ्यावर भागले, कारण पंख आणि प्रोपेलर दोन्ही मोजून-मापून केलेले होते. १९०६ मध्ये त्यांना मिळालेले पेटंट पाहिले तरी हा क्रम स्पष्ट होतो. त्यातले यंत्र इंजिनाविना आहे. पेटंट आहे ते तोल राखण्याच्या पद्धतीवर.

पन्नास हजार डॉलर नदीत

त्याच वर्षी, त्याच देशात, याच कामावर सरकारी पैसाही खर्च होत होता. सॅम्युएल लँग्ली हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख आणि नामवंत शास्त्रज्ञ. त्यांच्या वाफेच्या, माणूस नसलेल्या विमानाच्या नमुन्याने ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून अधिक अंतर कापले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ते पाहायला हजर होते आणि त्यांनी फोटोही काढला. हे यश अस्सल होते. त्यावर विसंबून अमेरिकेच्या युद्ध खात्याने त्यांना माणूस नेणारे विमान बनवण्यासाठी ५० हजार डॉलर दिले. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आसपास होता, तोही स्वतःच्या दुकानाच्या कमाईतून.

लँग्लींनी नमुनाच मोठा केला. इंजिन उत्तम होते, ५२ अश्वशक्तीचे. पण सांगाडा तेवढा ताण सोसणारा नव्हता आणि वैमानिकाच्या हातात तोल सावरण्याची पुरेशी सोय नव्हती. तरंगत्या घरावरून यंत्र हवेत फेकायचे आणि वैमानिकाने हवेतच पहिल्यांदा शिकायचे, अशी ती योजना. ७ ऑक्टोबरला ते नदीत पडले आणि ८ डिसेंबर १९०३ ला पुन्हा पडले. चार्ल्स मॅन्ली हा वैमानिक दोन्ही वेळा वाचला, हे नशीब. पहिल्या अपयशानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात भाकीत केले, की माणसाला उडायला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील. दुसऱ्या अपयशानंतर नऊ दिवसांनी किटी हॉकला विमान उडाले.

जगाने विश्वास का ठेवला नाही?

याचा दोष काही प्रमाणात राइट बंधूंकडेच जातो. १९०४ आणि १९०५ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गुरे चरायच्या माळावर त्यांनी खरे परिपूर्ण विमान घडवले. २० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बरने हवेत पूर्ण गोल फेरी मारली. ती प्रत्यक्ष पाहून सविस्तर लिहिणारा होता एमॉस रूट. हा मधमाश्या पाळण्याच्या व्यवसायातला माणूस, आणि त्याने ते छापले मधमाश्यांवरच्या स्वतःच्या नियतकालिकात! ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने ३९ मिनिटांत २४ मैल कापले. विमान हा आता प्रयोग उरला नव्हता, ते वाहन झाले होते.

आणि मग दोघांनी उडणेच थांबवले. कल्पना चोरीला जाईल या भीतीने, विक्रीचा करार झाल्याशिवाय यंत्र दाखवायचे नाही असे ठरवून, अडीच वर्षे त्यांचे विमान झाकून ठेवलेले होते. साहजिकच युरोपात त्यांना लबाड म्हटले जाऊ लागले. या काळात, १२ नोव्हेंबर १९०६ रोजी, पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी जमलेल्या गर्दीसमोर ‘१४-बिस’ हे विमान २२० मीटर उडवले. युरोपासाठी पहिले उड्डाण ते. ज्याने डोळ्यांदेखत उडून दाखवले त्याच्यावर लोकांनी विश्वास ठेवला आणि ज्यांनी लपवले त्यांच्यावर ठेवला नाही, यात लोकांचे काय चुकले?

८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँ शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर विल्बर उडाला. उड्डाण दोन मिनिटांचेही नव्हते. पण तो ज्या सफाईने विमान कलवून वळवत होता, तशी सफाई युरोपातल्या एकाही वैमानिकाकडे नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ प्रेक्षकांत होते. टीका करणाऱ्या फ्रेंच मंडळींनी जाहीरपणे माघार घेतली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला विल्बर दोन तास वीस मिनिटे हवेत राहिला.

संग्रहालयाची पाटी

यानंतरचा भाग पाठ्यपुस्तकांत येत नाही. राइट बंधूंनी पेटंटवरून विमान बनवणाऱ्यांवर खटले भरले, मुख्यतः ग्लेन कर्टिस यांच्यावर. या कोर्टबाजीत अमेरिकेच्या विमानविद्येची आणि या भावांच्या स्वतःच्या संशोधनाची हानी झाली, हे नाकारता येत नाही. १९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेला. जानेवारी १९१४ मध्ये अपिलाचा निकाल राइट यांच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी स्मिथसोनियनने लँग्लींचे मोडलेले विमान दुरुस्तीसाठी आणि चाचणीसाठी दिले ते कर्टिस यांच्याच ताब्यात. दोघांचेही हितसंबंध उघड होते. ‘राइट यांच्या आधीचे यंत्र उडू शकत होते’ असे ठरले असते, तर पेटंटचा पाया ढिला झाला असता, आणि स्मिथसोनियनच्या दिवंगत प्रमुखांची अब्रूही सावरली असती. मे १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या केउका सरोवरावर ते यंत्र पाण्यावरून काही क्षण उचलले गेले. त्याआधी कर्टिस यांनी पंख, सांगाड्याचे आधार आणि नियंत्रणाची रचना यांत बरेच फेरफार केले होते आणि खाली तरंगे जोडले होते. चाचण्यांनंतर यंत्राला पुन्हा १९०३ चे रूप देऊन ते संग्रहालयात ठेवले गेले. त्याखालच्या पाटीवर ते माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असे इतिहासातले पहिले विमान असल्याचे लिहिले गेले. फेरफारांचा तिथे उल्लेख नव्हता.

ही नजरचूक नव्हती. संस्थेच्या प्रमुखाचे नाव राखण्यासाठी विज्ञानसंस्थेनेच प्रयोगाचे वर्णन अर्धवट ठेवले. ऑर्व्हिलने वर्षानुवर्षे दुरुस्ती मागितली. ती होईना, तेव्हा १९२८ मध्ये त्याने किटी हॉकचे विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे पाठवून दिले. अमेरिकेचा सर्वांत मोठा शोध वीस वर्षे परदेशात राहिला. शेवटी १९४२ मध्ये स्मिथसोनियनने केलेले फेरफार छापून मान्य केले आणि माघार घेतली. ऑर्व्हिल जानेवारी १९४८ मध्ये वारला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ते विमान वॉशिंग्टनमध्ये परतले.

ते परतले एका करारावर. वारसांनी स्मिथसोनियनला विमान एका डॉलरला विकले. अट अशी, की १९०३ च्या आधीचे कोणतेही विमान माणसाला घेऊन, स्वतःच्या शक्तीवर, नियंत्रित उड्डाण करण्यास समर्थ होते असे संस्थेने म्हणायचे नाही. म्हटले तर विमान वारसांकडे परत. व्हाइटहेड यांचे समर्थक या करारावर बोट ठेवतात आणि त्यांचा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. कोणता निष्कर्ष काढायचा हे करारात लिहून घेणे कोणत्याही संग्रहालयाला शोभत नाही. पण त्यामुळे व्हाइटहेड यांचा १४ ऑगस्ट १९०१ चा दावा मजबूत होत नाही. त्याच्या मुळाशी आहे स्थानिक वृत्तपत्रातला एक मजकूर. उड्डाणाचा फोटो नाही, आणि त्या यंत्रातून पुढे घडत गेलेले दुसरे विमान नाही. करार उद्या रद्द झाला, तरी वाऱ्याच्या बोगद्यातल्या मोजमापांच्या वह्या, पत्रे, डायऱ्या आणि १९०५ चे ३९ मिनिटांचे उड्डाण जागेवरच राहते.

चौपाटीवरचे ‘मारुतसखा’

तळपदे यांचा जन्म १८६४ चा, मृत्यू १९१६ चा. मुंबईत सर जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला, संस्कृत ग्रंथांमधून विमानविद्या शोधू पाहणारा हा माणूस होता, हे खरे. एका वसाहतीतल्या शहरात १८९५ साली कुणाला असे वेड लागावे, ही गोष्ट मुळातच रोचक आहे. त्यांनी ‘मारुतसखा’ नावाचे यंत्र पंधराशे फूट उंच उडवल्याचे सांगितले जाते. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर असल्याचेही म्हटले जाते. ‘केसरी’त बातमी आली होती, असे सांगितले जाते. त्या अंकाची तारीख मात्र या मजकुरांसोबत कधी नसते.

शिवाय बहुतेक कथनांनुसार हे यंत्र माणसाविना उडाले. म्हणजे दावा जसाच्या तसा मान्य केला, तरी त्याची तुलना किटी हॉकशी होत नाही. ती होते लँग्लींच्या १८९६ च्या नमुन्याशी, किंवा त्याही आधी १८४८ मध्ये इंग्लंडच्या चार्ड गावात जॉन स्ट्रिंगफेलो यांनी उडवलेल्या वाफेच्या नमुन्याशी. ‘राइट बंधूंच्या आधी’ हे शब्द इथे लागूच पडत नाहीत.

या कथेला जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथही तिला आधार देत नाही. तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवला, म्हणजे तळपदे यांच्या मृत्यूनंतर. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. त्यांचे म्हणणे असे, की मजकूर विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही. विशेष म्हणजे त्यांनी ग्रंथाची टर उडवली नाही. संस्कृत तपासले, आकृत्या तपासल्या, उड्डाणाचे नियम लावून पाहिले. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर भाषण झाले, तेव्हा या चाळीस वर्षांपूर्वीच्या तपासणीला धक्का देणारा एकही नवा पुरावा समोर आला नाही. त्याच महिन्यात तळपदे यांच्यावर हिंदी चित्रपटही आला.

या सगळ्यात अन्याय होतो तो तळपदे यांच्यावरच. त्यांचे यंत्र कशाचे होते, त्याला पैसे कुणी दिले, ते किती वेळा फसले, त्यांनी काय वाचले होते, यांत कुणाला रस उरत नाही. राइट बंधूंचे कागद अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहेत आणि कुणालाही इंटरनेटवर पाहता येतात. फसलेले ग्लायडर आणि मोडलेले पंख यांच्याही नोंदी त्यांत आहेत. चौपाटीच्या बाबतीत असे काम करायचे तर सुरुवात कुठून करावी हे अवघड नाही. ‘केसरी’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८९५ चे अंक उपलब्ध आहेत. सयाजीराव आणि रानडे यांची आयुष्ये त्या काळातल्या सर्वाधिक नोंदवलेल्या आयुष्यांपैकी आहेत. बारा महिन्यांचे अंक आणि दोन माणसांचे कागद, एवढाच तो शोध आहे.